हजेरी

माझ्या टेबलावर कित्येक वर्षं खात्याचं मस्टर असायचं. आता अंगठ्याचं यंत्र आलं, तरी नावं मोजायची सवय काही गेली नाही. लग्नाच्या पंगतीला बसलो तरी समोरची पानं मोजतो, बसमध्ये चढलो तर डोकी मोजतो. घरात या सवयीची चेष्टा होते. तिच्यामागचं कारण मात्र घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. ते ज्या दिवशी सांगावं लागलं, त्या दिवसाची ही हकीकत. ती सुरू होते गोव्यापासून खूप लांब, भोपाळच्या आनंद नगरात.

माझी थोरली बहीण लग्न होऊन भोपाळला गेली त्याला पंचवीसच्या वर वर्षं झाली. भावजी भेलमध्ये नोकरीला होते. भेलची वसाहत आणि पिपलानी मागं टाकून रायसेन रोडनं पुढं गेलं की आनंद नगर लागतं. तिथं त्यांनी घर बांधलं. पुढच्या अंगणात ताईनं हट्टानं माड लावला होता, तो काही जगला नाही. तुळस आणि जास्वंद मात्र टिकली. सकाळी फिरायला निघालं की हथाईखेड्याच्या तलावाकडे जाता येतं, येताना कोपऱ्यावर पोहे-जिलबी. आमच्याकडे फोव म्हणजे गूळ-खोबरं. इथं पोह्यांवर शेव, आणि शेजारी गरम जिलबी! पहिल्या दिवशी मी नाक मुरडलं, तिसऱ्या दिवशी दुसरी प्लेट मागवली. ताईच्या बोलण्यातही आता तसंच मिश्रण झालं आहे. माझ्याशी कोंकणीत सुरू करते, मराठीवर येते आणि रागावली की हिंदीत संपवते.

२०२५ च्या फेब्रुवारीत भाचीचं लग्न होतं म्हणून आम्ही गेलो होतो. लग्न झालं, पाहुणे पांगले. आमचं गोवा एक्स्प्रेसचं परतीचं तिकीट मंगळवारचं. शनिवारी संध्याकाळी भाचा माझ्यापुढे येऊन उभा राहिला. तो त्याच रस्त्यावरच्या एका कॉलेजात शिकतो. त्यांच्या निसर्ग मंडळाची दुसऱ्या दिवशी भीमबेटका आणि रातापानीच्या जंगलाची सहल होती. "मामा, दोन जागा रिकाम्या आहेत. ताईला नेऊ?" ताई म्हणजे माझी लेक, अठरा वर्षांची. ती मागं दाराशी उभी होती. तिनं एवढंच विचारलं, "पप्पा, हांव वचूं?"

मी सवयीनं "नाही" म्हणणार होतो. तिला मी बोंडल्याच्या शाळेच्या शिबिराला पाठवलं नव्हतं, दूधसागरला पाठवलं नव्हतं, युथ हॉस्टेलच्या ट्रेकचा अर्ज तर माझ्या ड्रॉवरमध्येच राहिला. प्रत्येक वेळी कारण तयार असायचं: परीक्षा आहे, सर्दी आहे, पाहुणे येणार आहेत. कारकुनाला नकाराची कारणं शोधायला वेळ लागत नाही. पण ताई स्वयंपाकघरातून म्हणाली, "तू पण जा ना मग. दोन जागा आहेत." पळवाट राहिली नाही.

रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही बसपाशी पोचलो. भूगोल शिकवणाऱ्या एक मॅडम सहलीच्या प्रमुख. पन्नाशीच्या, पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी. सोबतचे दुसरे सर तापानं आजारी. मी सरकारी नोकर आहे हे भाच्यानं आधीच सांगून ठेवलं होतं. त्यांनी एक कागद माझ्या हातात दिला. "आप तो दफ़्तर के आदमी हैं। गिनती आपके ज़िम्मे।" कागदावर छत्तीस नावं, लेकीचं शेवटी पेनानं लिहिलेलं. मला घाम फुटला, तो फेब्रुवारीच्या थंडीत.

बस सुटण्यापूर्वी त्यांनी मुलांना खाली उभं करून तीन नियम सांगितले. एक: प्रत्येकाला जोडीदार असेल आणि दिवसभर जोडी सुटायची नाही. दोन: जंगलात वाटाड्याचा शब्द शेवटचा, माझाही त्याच्यानंतर. तीन: पाणी दिसलं की ते बघायचं, त्यात उतरायचं नाही. मग अठरा जोड्या लावल्या. मैत्रीप्रमाणे नव्हे, यादीच्या क्रमाने. लेकीच्या वाट्याला एक किडकिडीत, चष्मेवाली, अबोल मुलगी आली.

वाटेत मॅडमनी भूगोलाचा तास घेतला. भोपाळच्या उत्तरेला, सांचीच्या वाटेवर, कर्कवृत्त रस्ता ओलांडतं. म्हणजे आपण उष्ण कटिबंधाच्या अगदी काठावर, पण आतच आहोत. "गोवा भी उष्ण कटिबंध में है, तो वहाँ का जंगल ऐसा क्यों नहीं?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. उत्तर मला इथं येऊन कळलं: पाऊस. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास कोसळतो, इथं अकराशेच्या आगेमागे. म्हणून म्हादईच्या रानात बारा महिने हिरवा काळोख असतो आणि इथला साग फेब्रुवारीतच पानं टाकून उघडा पडतो. पायाखाली पापडासारखी मोडणारी मोठमोठी पानं, मध्येच तेंदू, मोह, आणि पळसाला नुकती फुटू लागलेली केशरी फुलं. आपल्या नजरेला हे रान आधी भकास वाटतं. मग लक्षात येतं, पानं नाहीत म्हणूनच इथं लांबवर दिसतं.

मंडीदीपचे कारखाने मागं पडले, ओबेदुल्लागंज आलं. भीमबेटका भोपाळपासून पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास. रस्त्याच्या बाजूनं रेल्वेचे रूळ जातात, त्यांच्याकडे बोट दाखवून मॅडम म्हणाल्या, "१९५७ में इसी लाइन पर एक मराठी आदमी सफ़र कर रहा था।" ते म्हणजे विष्णु श्रीधर वाकणकर, लोकांचे हरिभाऊ. जन्म १९१९, नीमचचा. पुढची कर्मभूमी उज्जैन. गाडीच्या खिडकीतून त्यांना डोंगरावरचे खडक दिसले. फ्रान्स-स्पेनकडच्या चित्रगुहांच्या खडकांसारखे वाटले म्हणून ते नंतर सोबत्यांना घेऊन वर चढले, आणि हजारो वर्षांची चित्रं सापडली. त्याआधी ही जागा कागदोपत्री बौद्ध अवशेषांची म्हणून नोंदलेली होती. १९७५ साली त्यांना पद्मश्री मिळाली, १९८८ साली ते गेले. २००३ मध्ये भीमबेटका जागतिक वारसा ठरलं. आणि आम्ही गेलो त्याच्या दोनच महिने आधी, डिसेंबर २०२४ मध्ये, रातापानीचं सुमारे १२७१ चौरस किलोमीटरचं रान व्याघ्र प्रकल्प झालं, तेव्हा त्याला वाकणकरांचंच नाव देण्यात आलं.

मला थोडी लाज वाटली. आमची गोवा एक्स्प्रेस याच रुळांवरून जाते. येताना मी खिडकीपाशी बसून बॅगा किती ते मोजत होतो.

दारावर आमचा वाटाड्या भेटला. जवळच्याच गावातला पंचविशीतला तरुण. त्यानं आधी सगळ्यांचा वास घेतला म्हटलं तरी चालेल. ज्यांनी अत्तर, स्प्रे मारला होता त्यांना मागं ठेवलं, तोंड-हात धुवायला लावले. वर बोट केलं तेव्हा कारण कळलं. कड्याच्या पोटाशी आग्या मोहोळाची काळी पोळी लोंबत होती. "आवाज़ नहीं, पत्थर नहीं, धुआँ नहीं। ये घर इनका है।" छत्तीस मुलं एकदम कुजबुजीवर आली.

पहिलीच मोठी गुहा सभागृहासारखी आहे आणि तिला नावही तेच, ऑडिटोरियम केव्ह. तिथं मॅडमनी सांगितलेली गोष्ट मला सगळ्यात आवडली. २०२१ साली काही शास्त्रज्ञांनी या गुहेच्या छतावर पानासारखी एक खूण पाहिली आणि डिकिन्सोनिया नावाच्या, पंचावन्न कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाचा तो ठसा आहे असं जाहीर केलं. जगभर बातमी झाली. मग आणखी काही संशोधक येऊन जवळून बघून गेले. तोवर ती खूण झडू लागली होती. झिजायला लागलेलं ते एक जुनं पोळं होतं! मधमाश्यांचं. २०२३ मध्ये मूळच्या शास्त्रज्ञांनीही आपली चूक मान्य केली. मुलं हसली. मॅडम हसल्या नाहीत. "ग़लती सबसे होती है। दोबारा आकर देखना, यह सब नहीं करते।" मी ते वाक्य कागदाच्या मागच्या बाजूला लिहून घेतलं. तेव्हा का लिहिलं ते माझं मलाच सांगता आलं नसतं.

तिथंच एका भिंतीवर लहान मुलाच्या हाताचा ठसा आहे. कुणाचा, कधीचा, काही ठाऊक नाही. पाच बोटं आणि एवढासा तळवा. बाकी चित्रं बघताना मी माहितीचे फलक वाचत होतो: लाल गेरू, पांढरा रंग, हत्ती, हरणं, रानडुक्कर, घोड्यावरचे स्वार, एका खडकावर तर इतकी जनावरं की त्याला झू रॉक म्हणतात. सातशेच्या वर शैलाश्रय आहेत इथल्या टेकड्यांत, प्रवाशांना त्यातले पंधराच दाखवतात. पण त्या हातापुढे फलक वाचावासा वाटला नाही. कुणीतरी पोराचा हात धरून भिंतीला लावला असेल आणि म्हटलं असेल, हा बघ, तू इथं होतास. आमच्या मस्टरवर त्याहून वेगळं काय असतं?

शेवटच्या शैलाश्रयापाशी मी मोजणी केली. चौतीस.

पुन्हा मोजली. चौतीस. नावं वाचायला लागलो तर अक्षरं हलायला लागली. छत्तिसावं नाव आलं, उत्तर नाही. लेक नव्हती.

यानंतर जे झालं ते कळण्यासाठी १९९८ चं सांगायला हवं.

आम्ही कॉलेजात होतो, परीक्षा संपली होती. चाळीस-पंचेचाळीस जण सहलीला गेलो, नदीच्या एका कोंडीवर. पाणी हिरवं, शांत. जेवणाची हाक आली तसे सगळे बाहेर पडले. पाण्यात शेवटी दोघंच राहिलो, मी आणि माझा मित्र. त्याचं नाव इथं लिहीत नाही, त्याची आई अजून आहे. तो म्हणाला, "तू हो पुढं, आलोच." मला भूक लागली होती. मी गेलो. ताट घेतलं, जेवलो, गप्पा मारल्या. बस सुटायच्या वेळी कुणाला तरी खडकावर शर्ट आणि चप्पल दिसली. कुणीही मोजलं नव्हतं. मोजायचं काम कुणाला दिलेलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो सापडला. मला कुणी दोष दिला नाही, कारण शेवटी त्याच्याजवळ कोण होतं ते मी कुणाला सांगितलंच नाही.

तेव्हापासून मी मोजतो.

भीमबेटकात माझ्या तोंडून ओरडणं बाहेर पडायच्या आतच वाटाड्यानं माझा दंड धरला आणि नजरेनं वर दाखवलं, पोळी. मॅडमनी शिट्टीही वाजवली नाही. हलक्या आवाजात म्हणाल्या, "सब जहाँ हैं वहीं रुकिए। कौन-सी जोड़ी नहीं है?" माझ्या डोक्यात एक मुलगी हरवली होती. त्यांच्या हिशेबी जोडी मागं राहिली होती. हा फरक मला तिथं उभं राहून कळला नाही. माझे पाय लटपटत होते. वाटाड्या आणि मी आल्या वाटेनं परत निघालो.

दोन वळणं मागं, वाटेच्या कडेला, लेक उभी होती. पाठीवर पिशवी, हातात पाण्याची बाटली, अगदी वाट बघणाऱ्या माणसासारखी. तिच्यापलीकडे ती चष्मेवाली मुलगी खडकासमोर मांडी घालून वहीत एक हरीण उतरवत होती. तिला कशाचंच भान नव्हतं. मी लेकीवर खेकसलो, "पुढं यायला काय झालं होतं?" ती गांगरली. म्हणाली, "मी तिला दोनदा हाक मारली, पप्पा. ती म्हणाली, तू हो पुढं, आलेच. पण मॅडमनी सांगितलंय ना, जोडी सोडायची नाही. म्हणून थांबले."

मी काहीच बोलू शकलो नाही. वाटाड्या म्हणाला, "सर, ठीक है। दोनों हैं।" मी खडकावर बसलो आणि बाटलीतलं सगळं पाणी प्यालो.

दुपारी जंगलातल्या पायवाटेनं चाललो. वाटाड्यानं मऊ मातीत उमटलेली सांबराची खुरं दाखवली, झाडावरच्या नख्यांच्या ओरबाड्यांवरून अस्वल ओळखायला शिकवलं. शेवटी एक नाला आला. उन्हाळ्याआधीचं उरलेलं पाणी एका डोहात साठलं होतं. ऊन तापलं होतं, मुलं चुळबुळू लागली. वाटाड्यानं काही न बोलता एक लांब काठी डोहात खुपसली. काठावरून हात-दीड हात अंतरावर ती सगळी आत गेली. "ऊपर से सब घुटने तक लगता है," तो म्हणाला. कुणी पुढं सरकलं नाही. काठावर बसून सगळ्यांनी लाडू खाल्ले. मी मोजलं. छत्तीस.

त्या रात्री आनंद नगरात ताईच्या गच्चीवर मी लेकीला १९९८ ची गोष्ट सांगितली. आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला तरी पूर्ण सांगितली. जेवायला गेलो होतो, हेसुद्धा. खाली रायसेन रोडवरून ट्रक जात होते. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तुम्हांला कुणी सांगितलंच नव्हतं, थांब म्हणून." मी म्हटलं, "सांगायला कशाला हवं होतं?" त्यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही.

परतीच्या गाडीत मी खिडकीपाशी बसलो. रात्र होती, बाहेर काळोखाशिवाय काही दिसलं नाही. पण डोंगर कुठल्या बाजूला आहेत ते आता माहीत होतं.

गोव्यात परतल्यावर पहिली गोष्ट केली ती म्हणजे लेकीला घेऊन उसगाळीमळला गेलो. सांगे तालुक्यात, रिवणजवळ, कुशावतीच्या काठच्या चिऱ्यावर आपल्या पूर्वजांनी कोरलेली चित्रं आहेत. बैल आहेत, चक्रव्यूहासारखी वर्तुळं आहेत. १९९३ पर्यंत बाहेरच्या जगाला त्यांचा पत्ता नव्हता. पण आता तर आहे! मी सेहेचाळीस वर्षांचा होईपर्यंत गेलो नव्हतो, कारण शेजारी नदी आहे.

मित्रांनो, आपल्याकडे दर पावसाळ्यात कुणाचा तरी मुलगा बुडतो. २०२३ च्या जुलैत नेत्रावळीच्या मैनापी धबधब्यावर दोघे गेले, तेव्हा वनखात्याला धबधब्यांवर बंदी घालावी लागली. बंदी त्या वेळी हवीच होती. पण मीही माझ्या घरात अठरा वर्षं बंदीच घातली होती, आणि तिनं माझी लेक पाणी ओळखायला शिकली नाही, फक्त न विचारता जायची वेळ जवळ येत गेली. मूल सहलीला जातो म्हणालं तर आता मी चार प्रश्न विचारतो. मोजणार कोण? तिथली वाट आणि पाणी ओळखणारा गावचा माणूस सोबत आहे का? जोड्या लावल्यात का? आणि "नाही" म्हणायचा अधिकार कुणाला दिलाय? चारींची उत्तरं मिळाली तर सही करतो. जूनमध्ये लेकीच्या कॉलेजचा अर्ज आला, त्यावर मी सही केली. हात थोडा थरथरला, पण सही माझी म्हणून ओळखता येईल अशी आली.

एक गोष्ट राहिली होती. २०२५ च्या चवथीत लेक म्हणाली, "त्यांच्याकडे जाऊया." मी म्हटलं, "बघू." ती म्हणाली, "मी येते सोबत." सत्तावीस वर्षांनी त्या घराची पायरी चढलो. त्याच्या आईनं मला ओळखलं. गणपतीसमोर बसवलं, नेवऱ्या दिल्या. मी सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. शेवटी तिनं लेकीच्या हातावर आपला हात ठेवला आणि तिला विचारलं, "तुला पोहायला येतं?"

लेक "नाही" म्हणाली.

"शिकव तिला," ती माझ्याकडे बघून म्हणाली.

दिवाळीनंतर आम्ही दोघांनीही शिकवणीत नाव घातलं. मी सेहेचाळिसाव्या वर्षी, उथळ बाजूला, कठडा धरून.